रोजचा व्यायाम, खाणं आणि आराम : गच्चीवरच्या वर्गात सारखे विचारले जाणारे प्रश्न

आमच्या डोंबिवलीतल्या सोसायटीच्या गच्चीवर गेली सहा वर्षं रोज पहाटे साडेपाचला पंचवीस मिनिटांचा व्यायाम चालतो. फी नाही, मशिनं नाहीत, सतरंज्या आणि चार प्लास्टिकच्या खुर्च्या एवढंच सामान. मी शाळेत २८ वर्षं पीटी शिकवली, बीपीएड अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या कॉलेजात केलं, म्हणजे व्यायाम माझा विषय आहे पण मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. नवीन कोणी आलं की साधारण हेच प्रश्न येतात आणि ग्रुपवर तेच तेच टाइप करण्यापेक्षा म्हटलं एकदा नीट लिहून काढू, ज्याला जे हवं ते त्याने वाचावं.

रोज किती व्यायाम केला म्हणजे पुरतो?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जे सांगितलं ते असं, की मोठ्या माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम करावा आणि शिवाय आठवड्यातून निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम. मध्यम म्हणजे किती हे ओळखायला घड्याळ लागत नाही, चालताना शेजारच्याशी बोलता येतंय पण गाणं म्हणायला गेलात तर दम लागतो, तो मध्यम. दीडशे मिनिटं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास. आणि तो अर्धा तास सलग पाहिजे असं अजिबात नाही, दहा-दहा मिनिटं तीनदा झाली तरी चालतात. स्टेशनचा पूल भराभर चढलात तर तेही धरायचं, फक्त एस्कलेटर सोडायचा.

दहा हजार पावलांचं सगळे विचारतात. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं त्याच्या नावातून आलेला आहे, डॉक्टरांनी काढलेला नाही. त्यामुळे सहा-सात हजार झाली म्हणून मनाला लावून घेऊ नका. आज तीन हजार होत असतील तर चार करा.

ताई, वेळच मिळत नाही हो. सातची लोकल, रात्री साडेआठला घरी. कधी करायचं?

हा सगळ्यात खरा प्रश्न आहे आणि मी कधीच कुणाला 'वेळ काढला की मिळतो' असं म्हणत नाही, कारण डोंबिवलीहून रोज मुंबईला जाणाऱ्या माणसाचे अडीच-तीन तास नुसते प्रवासात जातात हे मी नवऱ्याच्या नोकरीत तीस वर्षं बघितलंय.

माझं म्हणणं एवढंच की व्यायामासाठी नवीन वेळ शोधत बसू नका, रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला तो बांधून टाका. सकाळी चहाचं आधण ठेवता ना? ते उकळेपर्यंत चार-पाच मिनिटं जातात. तेवढ्यात ओट्याला हात टेकून पंधरा जोर आणि पंधरा बैठका होतात. एवढंच करा, महिनाभर एवढंच. कपडे बदलायला नकोत, बूट नकोत, मोबाईलवर व्हिडिओ लावायला नको. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी बँकेत आहेत, दोन मुलं आहेत, त्यांनी असंच आधणापासून सुरू केलं आणि आता त्या साडेपाचला गच्चीवर असतात, पण मधे सात महिने गेले. त्या सात महिन्यांत मी त्यांना एकदाही 'वर या' म्हटलं नाही.

सवय लागायला एकवीस दिवस लागतात असं सगळीकडे ऐकू येतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ लोकांवर केलेला एक अभ्यास २००९ साली आला, त्यात प्रत्येकाने एक छोटी गोष्ट रोज ठरलेल्या प्रसंगाला करायची होती, उदाहरणार्थ नाश्त्यानंतर चालणं. ती गोष्ट आपोआप व्हायला लागायला मधला आकडा ६६ दिवस आला, पण कुणाला १८ लागले आणि कुणाचे हिशोबाने २५४ पर्यंत गेले. म्हणून बाविसाव्या दिवशी कंटाळा आला तर आपल्यात काही कमी आहे असं समजू नका, दोन-सव्वादोन महिने धरूनच चला. आणि त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे मधे एखादा दिवस चुकल्याने काही विशेष बिघडत नाही असंही त्यात दिसलं.

गणपतीत गावाला गेलो, पंधरा दिवस खंड पडला. आता पहिल्यापासून?

नाही. जिथे होतात त्याच्या निम्म्यापासून सुरू करा, आठ-दहा दिवसांत गाडी रुळावर येते. आणि पुढच्या वेळी गावाला गेलात की बैठका तिथेही करा, कोकणातल्या घराचं अंगण गच्चीपेक्षा मोठं असतं.

'फॉर्म, फॉर्म' म्हणता, म्हणजे हालचाल नीट पद्धतीनेच करायची, पण हललं शरीर की झाला व्यायाम ना?

नाही हो, आणि हे मी स्वतः भोगलेलं आहे. चाळिशीत मी एका जिमला जायला लागले, तिथल्या मुलाने दुसऱ्याच आठवड्यात जमिनीवरून वजन उचलायला लावलं आणि पाठ गोल झालेली कुणी बघितली नाही, मीही पीटीची बाई असून बघितली नाही कारण आजूबाजूला सगळे बघत होते आणि मला उचलून दाखवायचं होतं. कंबर अशी धरली की तीन महिने खाली बसून भाजी निवडता येत नव्हती. त्यानंतर मी कुणाचाही आकडा वाढू देत नाही जोपर्यंत हालचाल स्वच्छ दिसत नाही.

गच्चीवर पहिला धडा खुर्चीचा असतो, तो इथे लिहिते. खुर्ची भिंतीला लावा म्हणजे सरकणार नाही. खुर्चीकडे पाठ करून उभे राहा, पावलं खांद्याएवढी लांब, बोटं किंचित बाहेर. आता गुडघे वाकवायच्या आधी कमरेखालचा भाग मागे न्या, दोन्ही हातात पिशव्या असताना दार ढकलतो ना पाठीमागे, तसा. छाती समोर, नजर समोरच्या टाकीवर. हळूहळू खाली, मनात एक-दोन-तीन म्हणत, आणि खुर्चीला नुसता स्पर्श झाला की श्वास सोडत टाचांनी जमीन ढकलत वर. धपकन बसायचं नाही, धपकन बसलात म्हणजे शेवटच्या वीतभर अंतरात पायांनी काम सोडून दिलं. गुडघे आत एकमेकांकडे जातायत का हे बघायला समोर कुणाला तरी उभं करा, बायकांमध्ये हे फार दिसतं, गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या दिशेने जायला पाहिजे. अशा आठ बैठका नीट झाल्या तर घाईघाईने केलेल्या चाळीसपेक्षा मला त्या जास्त मोलाच्या वाटतात.

आणि श्वास रोखू नका. जोर लावताना श्वास कोंडून धरला की तेवढ्यापुरतं बीपी झपकन वर जातं, बीपीची गोळी चालू असलेल्यांनी तर हे पक्कं लक्षात ठेवा.

बैठकांनी गुडघे झिजतात ना? डॉक्टरांनी बैठका बंद सांगितल्यात.

डॉक्टरांनी तुमचा गुडघा बघून बंद सांगितल्या असतील तर त्यांचंच ऐका, पण त्यांना हेही विचारा की मग मांडीची ताकद कशाने वाढवू, कारण गुडघेदुखीवर जगभरातले डॉक्टर जे उपाय सांगतात त्यात व्यायाम पहिल्या काही गोष्टींत असतो. मांडीचा पुढचा स्नायू लेचापेचा झाला की सगळा भार सांध्यावर येतो. 'गुडघा बोटांच्या पुढे जाता कामा नये' हा जो नियम सांगतात तो सगळ्यांना लागू नाही, जिना उतरताना तुमचा गुडघा रोजच पुढे जातो. आखाड्यातली जुनी बैठक तर चवड्यावरच असते, टाचा उचललेल्या, आणि पैलवान त्या शेकड्याने मारत आले, पण ते पोरवयापासून रोज करत आलेले असतात. पन्नाशीत सुरू करणाऱ्याने टाचा खाली ठेवून खुर्चीपर्यंतच जावं, खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवली तरी चालेल. दुखत नाही तेवढंच खाली.

सूर्यनमस्कार घातले की बाकी काही करायची गरज नाही असं म्हणतात. रोज किती?

सूर्यनमस्कार मला मनापासून प्रिय आहेत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज घालायचे, त्यांनी ते आपल्या संस्थानातल्या शाळांमध्ये सुरू केले आणि गेल्या शतकात हा व्यायाम घरोघरी पोचला त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. सात बाय सात फुटांच्या खोलीत, एक पैसा न घालवता, दहा मिनिटांत घाम काढणारा व्यायाम दुसरा कुठला आहे सांगा.

पण नीट बघितलं तर त्यात सगळं ढकलणं आहे आणि वाकणं आहे, ओढणं कुठेच नाही. जमिनीला ढकलता, स्वतःकडे काही ओढत नाही. आणि आपलं आयुष्य तर आधीच पुढे वाकलेलं, मोबाईल, लॅपटॉप, ओटा, शिवणयंत्र. म्हणून मी सूर्यनमस्काराबरोबर एक ओढायचा व्यायाम घ्यायला लावते. ऑफिसच्या सॅकमध्ये दोन लिटरच्या दोन बाटल्या भरून ठेवा, एक हात खुर्चीवर टेकवून पाठ सरळ ठेवून पुढे झुका आणि दुसऱ्या हाताने सॅक कमरेपर्यंत ओढा, कोपर बरगड्यांना घासत मागे गेलं पाहिजे. दोन्ही बाजूंनी दहा-दहा. महिन्याभरात खांदे मागे जातात, फोटोत फरक दिसतो.

नमस्कारात नेहमी चुकतं ते तीन ठिकाणी. वाकून हात जमिनीला टेकवताना गुडघे ताठ ठेवायच्या हट्टात पाठ गोल होते, त्यापेक्षा गुडघे थोडे वाकवा. साष्टांगात लोक पोट आधी टाकतात, आधी गुडघे, मग छाती, मग कपाळ. आणि भुजंगासनात खांदे कानाला चिकटतात, खांदे खाली ओढा, कोपरं किंचित वाकलेली राहू देत, मान मागे टाकायची गरज नाही. रथसप्तमीला एकदम १०८ घालून दुसऱ्या दिवशी मनगट धरून बसणारे मी दरवर्षी बघते, वर्षभर रोज बारा घालणाऱ्यालाच १०८ झेपतात. नवीन माणसाने चारापासून सुरू करावं, दर आठवड्याला दोन वाढवावेत.

एकही जोर येत नाही.

भिंतीला हात लावून करा. वीस सोपे गेले की ओटा, मग खुर्ची, मग जमीन. प्रत्येक पायरीला तीन-चार आठवडे लागतील, लागू देत.

माझं वय ६८ आहे. आता काय ताकद वाढवायची, चाललं की बास ना?

आजी-आजोबा, चालणं चांगलंच आहे पण बास नाही. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीनंतर तो वेग वाढतो. खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागायला लागला म्हणजे हेच झालेलं असतं. चांगली बातमी ही की कुठल्याही वयात व्यायामाने ताकद परत येते, फक्त वेळ लागतो.

आमच्याकडे एक आजी येतात, ७४ वर्षांच्या, नऊवारीत. पहिल्या दिवशी खुर्चीतून हात न लावता एकदाही उठता आलं नव्हतं. मी दोन उशा ठेवल्या, मग एक, मग काढली. पाच महिन्यांनी त्या सलग दहा वेळा उठल्या आणि मला म्हणाल्या, "अगं आता मला बाथरूमला जायची भीती नाही वाटत." मी तेव्हा काही बोलले नाही, वळून टाकीकडे बघत उभी राहिले.

तुम्ही रोज दोन गोष्टी करा. खुर्चीतून उठबस दहा वेळा, आणि ओट्याला एक बोट लावून एका पायावर उभं राहणं, प्रत्येक पायावर वीस सेकंद. पडणं टाळायचं तर तोल लागतो आणि तोल सरावाने येतो. घरात ओल्या लादीवर मात्र करू नका.

तीन महिने झाले, वजनकाटा हलत नाही. व्यायामाचा उपयोग काय?

वजन मुख्यतः ताटात कमी होतं. साठ-पासष्ट किलोच्या माणसाने अर्धा तास भराभर चाललं तर सव्वाशे-दीडशे कॅलरी जातात, आणि स्टेशनबाहेरच्या एका वडापावात साधारण अडीचशे-तीनशे असतात. हिशोब जुळत नाही. पण म्हणून व्यायाम फुकट गेला का, तर नाही, शुगर, बीपी, झोप, पाठ, मूड हे सगळं काटा न हलताही सुधारतं.

काट्याऐवजी टेप वापरा. सकाळी उपाशीपोटी, श्वास सोडून, पोट आत न ओढता बेंबीच्या पातळीवर. आपल्याकडच्या लोकांसाठी पुरुषांनी ९० सेंटिमीटरच्या आत आणि बायकांनी ८० च्या आत राहावं असं मानतात, कारण आपल्यात हातपाय बारीक आणि पोट पुढे असा प्रकार फार असतो, काटा ठीक दाखवतो आणि शुगर वाढलेली असते. महिन्यातून एकदाच मोजा.

प्रोटीनसाठी पावडर घ्यावी लागेल का? आम्ही शाकाहारी आहोत.

बहुतेकांना नाही लागत, पण आपल्या डब्याकडे एकदा डोळे उघडून बघावं लागेल. आयसीएमआरचा, म्हणजे आपल्या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, हिशोब साधारण वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम प्रोटीन असा आहे, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम, वय झालेल्यांनी आणि ताकदीचा व्यायाम करणाऱ्यांनी त्याहून थोडं जास्त घेतलेलं बरं. किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

आता डबा उघडू. तीन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, झाले जेमतेम दहा-अकरा ग्रॅम. त्याच डब्यात बटाट्याऐवजी मटकीची उसळ ठेवली की एका वाटीने सात-आठ ग्रॅम वाढले, बाजूला दह्याची छोटी डबी, आणखी चार. चार वाजता फरसाणाऐवजी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे, सहा-सात. रात्री घट्ट वरण पाच-सहा, झोपताना पेलाभर दूध सात. सकाळी दोन अंडी खात असाल तर बारा, नसाल तर मुगाचं धिरडं करा, त्यात पन्नास ग्रॅम पनीर किसून घातलं तर त्याचेच नऊ. पन्नास होतात बघा, आणि यातलं काहीही परदेशी नाही. वरण पातळ पाण्यासारखं करून 'डाळ खाल्ली' म्हणायची आपली सवय मात्र मोडायला हवी.

शाकाहारी लोकांनी बी-१२ एकदा तपासून घ्यावं, ते जवळजवळ सगळं प्राण्यांकडून येणाऱ्या पदार्थांतूनच मिळतं आणि थकवा, मुंग्या, विसरभोळेपणा यामागे कधी कधी तेच निघतं.

भात सोडू का?

भात सोडू नका, ढीग सोडा. आयसीएमआरच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये नवीन मार्गदर्शन दिलं त्यातसुद्धा ताटाचा जवळपास अर्धा भाग भाज्या आणि फळांचा दाखवलाय, आपल्याकडे भाजी ताटाच्या डाव्या-उजव्या कोपऱ्यात चिमूटभर असते. आधी भाजी आणि कोशिंबीर वाढून घ्या, मग उरलेल्या जागेत भात किंवा भाकरी. नाचणीची भाकरी आठवड्यातून दोनदा तरी करा, शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पाळी थांबलेल्या बायकांनी तर नक्कीच.

आणि जेवणानंतर शतपावली. आपल्या आज्या-पणज्या सांगायच्या ते आता शुगर मोजून पण दिसलंय, जेवल्यावर लगेच दहा-पंधरा मिनिटं चाललं की रक्तातली साखर तेवढी उसळत नाही. शंभर पावलांवर थांबू नका, बिल्डिंगला दहा फेऱ्या मारा.

उपवासाच्या दिवशी काय?

श्रद्धेचा भाग तुमचा, त्यात मी पडत नाही, मीही संकष्टी करते. पण साबुदाणा म्हणजे निव्वळ स्टार्च, शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमसुद्धा प्रोटीन नाही, खिचडीत जे काही पोषण आहे ते दाण्याच्या कुटाचं. वरीचा भात, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, काकडीची दह्यातली कोशिंबीर, फळ, ताक, याने उपवासही होतो आणि संध्याकाळी डोकंही दुखत नाही. व्यायाम त्या दिवशी हलका ठेवा.

चहा बंद करावा लागेल का?

चहा नाही, साखर मोजा. चार कप, प्रत्येकात दोन चमचे, झाले आठ चमचे, म्हणजे चाळीस ग्रॅमच्या जवळ. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असली तर उत्तम असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते. दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करत जा, जीभ हळूहळू बदलते, मी दीड वर्षात दोनवरून अर्ध्यावर आले.

उपाशीपोटी केला तर चालतो?

पंचवीस मिनिटांच्या व्यायामाला चालतो. अर्धं केळं खाऊन आलात तरी चालतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी किंवा शुगर खाली आणणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र उपाशी येऊ नये, खिशात ग्लुकोज किंवा साखर ठेवावी, आणि हात थरथरले, घाम सुटला तर लाजत बसू नये, लगेच सांगावं.

शेवटची पाच मिनिटं शवासनात नुसतं झोपायचं? तेवढ्यात आणखी दहा नमस्कार होतील.

तीच पाच मिनिटं चुकवू नका असं मी सगळ्यांना हात जोडून सांगते. दिवसभर आपण खांदे वर, दात आवळलेले, पोट ताणलेलं अशा अवस्थेत असतो, गर्दीच्या डब्यात दीड तास उभं राहून आल्यावर घरी पोचेपर्यंत जबडा सुद्धा सैल झालेला नसतो, आणि हे आपल्याला कळतही नाही. लोणावळ्याला १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम ही योगसंस्था सुरू केली तेव्हा योगाने शरीरात नेमकं काय होतं हे प्रयोगशाळेत मोजून बघायचं हाच त्यांचा ध्यास होता. तेव्हा शवासनाला नुसतं लोळणं समजू नका.

असं करा. पाठीवर झोपा, कंबर दुखत असेल तर गुडघ्याखाली उशी किंवा गुंडाळलेली सतरंजी. पाय मोकळे, पावलं बाहेर पडू द्या. तळहात आभाळाकडे. आता उजवी मूठ घट्ट आवळा, पाच मोजा, सोडा, आणि सोडल्यावर बोटांत जे ऊबदार जड वाटतं ना ते नीट बघा. मग डावी. मग खांदे कानाकडे ओढा, सोडा. कपाळाला आठ्या घाला, सोडा. दात आवळा, सोडा. आवळल्याशिवाय सोडणं कळत नाही म्हणून हा क्रम. मग श्वास चार मोजत आत आणि सहा मोजत बाहेर, बाहेरचा श्वास लांब असला की छातीतली धडधड कमी होते. अशा दहा श्वासांनंतर कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठा, सरळ ताडकन उठू नका, बीपीवाल्यांना चक्कर येते. सहा-सात महिन्यांच्या गरोदर बायकांनी पाठीवर न झोपता डाव्या कुशीवर करावं.

हाच चार-सहाचा श्वास लोकलमध्ये उभ्या उभ्या पण होतो, कुणाला कळत नाही. ठाणे ते मुलुंड करून बघा.

रात्री साडेबाराला झोपतो, पहाटे पाचला उठून येऊ?

नका येऊ. आधी झोप. मोठ्या माणसाला सात तास तरी लागतात आणि साडेचार तासांच्या झोपेवर व्यायाम केलात तर भूक वाढते, चिडचिड होते, फॉर्म बिघडतो आणि तिसऱ्या आठवड्यात सगळंच सुटतं. तुम्ही संध्याकाळी किंवा आधणाच्या वेळी करा. दुपारी चारनंतर चहा-कॉफी टाळा, कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा, आणि गजराचं जुनं घड्याळ आणा.

पाळीच्या दिवसांत?

जमेल तेवढं करा, त्रास होत असेल तर चालणं आणि शवासन. करूच नये असं काही नाही. बाळंतपणानंतर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा, सिझेरियन असेल तर आणखी थांबा, आणि लगेच पोटाचे व्यायाम सुरू करू नका, सुरुवात श्वासाने आणि चालण्याने.

दुसऱ्या दिवशी अंग ठणकलं. चुकलं का काही?

नवीन व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी ठणकतं, तीन दिवसांत उतरतं. ते लॅक्टिक ॲसिड साचल्यामुळे असं म्हणतात पण ते तासा-दोन तासांत निघून जातं, ठणका असतो तो न सरावलेल्या स्नायूंना झालेल्या बारीक इजेचा, आणि त्याच दुरुस्तीतून स्नायू तयार होतो. हलकं चाला, गरम पाण्याने आंघोळ करा.

पण सांध्यात टोचल्यासारखं दुखणं, एकाच बाजूचं दुखणं, पायात उतरणारी कळ, हे वेगळं, तिथे थांबायचं. आणि छातीत दाबल्यासारखं, डावा हात किंवा जबडा दुखणं, न झेपणारा दम, डोळ्यापुढे अंधार, यातलं काहीही झालं तर व्यायाम बंद आणि ताबडतोब हॉस्पिटल. ॲसिडिटी म्हणून घरी झोपून राहू नका, बायकांनी तर अजिबात नाही, त्यांची लक्षणं बऱ्याचदा साधी वाटतात.

वर्गाला यायचं तर काय आणू?

जाड सतरंजी किंवा मॅट, पाण्याची बाटली, छोटा टॉवेल. सैल कपडे, साडी असेल तरी चालतं, पदर खोचून घ्या. हार्ट, बीपी, शुगर, मणक्याचं ऑपरेशन असं काही असेल तर डॉक्टरांना विचारून या आणि मला पहिल्याच दिवशी बाजूला घेऊन सांगा. पावसाळ्यात गच्ची घसरते म्हणून वर्ग खाली पार्किंगमध्ये असतो. लिफ्ट असली तरी शेवटचे दोन मजले जिन्याने या. आणि उशीर झाला तरी या, शवासनाला पोचलात तरी चालेल.